सुपातल्या गोळ्या

आमच्या गल्लीतल्या खिल्लारे मॅडम कुणाच्याही घरी गेल्या, की बसा म्हणायच्या आत सूप मागतात. धान्य पाखडायचं सूप. घरात नवी सून असेल तर तिला वाटतं, बाई मोठ्या कामसू दिसतात, आल्या आल्या तांदूळ निवडायला बसणार. सूप आलं की मॅडम म्हणतात, "आता पिशवी आणा."

कुठली पिशवी, हे परभणीत कुणाला सांगावं लागत नाही. प्रत्येक घरात खिळ्याला एक कॅरीबॅग लटकलेली असते. तिच्यात एक्स-रे, दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्या आणि अर्ध्यामुर्ध्या खाल्लेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. मॅडम ती पिशवी सुपात उपडी करतात, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढतात आणि खडे वेचावेत तशा गोळ्या वेचतात. "हिची तारीख गेली. ही तुमची न्हाई. ह्या दोन बहिणी हायत, नावं वेगळी, माल एकच. आन ही... ही कुणी दिली?"

या शेवटच्या प्रश्नाला आमची गल्ली टरकून असते. कारण उत्तर बहुतेक वेळा 'शेजारणीनं' असंच असतं. विरजण मागावं तशी आमच्याकडे गोळी मागतात. "मला गुण आला, तुमी बी घेऊन बघा." वर्षानुवर्षं सुखाने चाललेल्या या देवाणघेवाणीत मॅडमनी येऊन बिब्बा घातला.

मॅडम म्हणजे कमल खिल्लारे. सरकारी दवाखान्यात औषधांच्या खिडकीमागे सगळी नोकरी केली आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या. यजमान शिक्षक होते, ते गेले. मुलगा पुण्याला. दवाखान्यात दिसणाऱ्या प्रत्येक बाईला आपण सिस्टर म्हणतो, तसं यांनाही लोक म्हणत, अजून म्हणतात. त्या दर वेळी थांबून दुरुस्त करतात. "सिस्टर न्हाई. फार्मासिस्ट. आमच्या वस्तीतली पहिली." वडील शेतमजूर होते, त्यामुळे तो शब्द त्या चारही अक्षरं मोजून उच्चारतात, आणि ते बरोबरच आहे.

एकदा मी विचारलं, निवृत्तीनंतर कशाला हा उपद्व्याप? तर म्हणाल्या, "खिडकीतून बोलायला वेळच मिळला न्हाई हो. माणूस हात आत घालायचा, गोळ्या घ्यायचा, जायचा. मला खाली नुस्ते हातच दिसायचे. आता एकेकाला गाठून सांगायलेय."

आणि सांगतात, अगदी गाठून सांगतात. त्यांचा लाडका सिद्धांत असा : "गोळीला पत्ता मालूम नसतो." डोकं दुखतं म्हणून घेतलेली गोळी डोक्यात जाते, हा आपला गैरसमज. ती रक्तात उतरते, गावभर हिंडते आणि जिथं तिच्या मापाचं दार असेल तिथं शिरते. "गुडघ्याचं काम करता करता पोटात बी शिरती, आन तिथं खरडून ठेवती. म्हणून उपाशी पोटी घ्यायची न्हाई. कळलं का?" कळलं म्हणावंच लागतं, नाहीतर त्या पहिल्यापासून सुरू करतात.

एका लग्नात पंगतीला त्यांच्या शेजारी नवरदेवाचे मामा बसले होते. मामांना अंगात कसकस वाटत होती. सकाळी घेतलेल्या गोळीवर त्यांनी जिलेबीबरोबर दुसरी काढली. मॅडमनी त्यांचा हात वरच्या वर धरला. "पहिली अजून आत हाय. हे बघा, गोळी म्हंजी लग्नातली पाव्हणी. जेवणं झाली की निम्मे पाव्हणे गेले. आणखी तेवढ्याच वेळानं उरलेल्यातले निम्मे गेले. मग त्यातले निम्मे. पर एखादा मामा असतोच, दोन दिस झाले तरी हलत न्हाई." पंगत हसली. मामा मात्र मनाला लावून घेऊन संध्याकाळच्या गाडीने गेले.

आमच्या कोपऱ्यावरचा बालाजी रिक्षा चालवतो आणि गुटखा खातो. दुसरं काम जास्त मनापासून करतो. तो एकदा म्हणाला, "मॅडम, पुडी तोंडात न्हाई तर लय बेचैन व्हतंय. ती खाल्ली की डोकं शांत." मॅडम त्याच्याच रिक्षात बसून म्हणाल्या, "अरे, ती बेचैनी तुझी न्हाईच. ती गुटख्यानंच आणली. तोच गंजीला काडी लावायलाय, तोच घागर घेऊन इझवायला यायलाय, आन तू त्याचे उपकार मानायलास!" बालाजीने रिक्षा बाजूला घेऊन थोडा वेळ विचार केला. हल्ली तो दिवसाला तीनवर आलाय. त्यातली एक मॅडमना सांगत नाही.

हे सगळं मी गल्लीतल्या लोकांना नक्कल करून दाखवत असे. माझ्या नकलेला हशाही बरा पडे. आता दाखवत नाही.

त्याचं असं झालं. माझी आई पेडगावहून आमच्याकडे राहायला आली ती गुडघे धरून. पालमला माझी मावशी असते. तिनं आठवडी बाजारातल्या कुणा जडीबुटीवाल्याकडून पुड्या आणल्या. रोज एक, दुधातून. चौथ्या दिवशी आई एकटी जिना उतरली. मग मावशी दर महिन्याला येताना पुड्या आणू लागली, आणि बघता बघता आईचा चेहरा भरला. गाल वर आले, कांती लाल झाली. पेडगावचे लोक भेटायला येत आणि म्हणत, "म्हातारीनं बाळसं धरलंय की! पोरानं चांगली ठेवलीय." मी एका शाळेत कारकून आहे. माझं कौतुक करायची वेळ लोकांवर फारशी येत नाही. ते कौतुक मी वर्षभर मिटक्या मारत खाल्लं.

मॅडमना हे आधी का दिसलं नाही? कारण त्या आल्या की आई आतल्या खोलीत जाई. गुडघ्यांचं नाव सांगे. पण खरं सांगायचं तर गुडघे निमित्ताला होते. पेडगावच्या आमच्या घरात गावकुसाबाहेरच्या वस्तीतली माणसं ओसरीच्या पुढे येत नसत, आणि आईनं ते कधी मोडलं नव्हतं. मी शिकलेला मुलगा. मी त्यावर कधी तोंड उघडलं नव्हतं. पुड्या तिच्या पेटीत असत, त्यामुळे सुपात कधी आल्याच नाहीत.

एके दिवशी आई मोरीतून उठत होती आणि मॅडम दारात आल्या. आईला उठता येईना. दोन्ही हातांनी नळ धरून ती कशीबशी उभी राहिली. मॅडम नुसत्या बघत राहिल्या. मग मला बाहेर बोलावून म्हणाल्या, "तोंड भरलंय आन दंड वाळलेत. असलं बाळसं कुठं बघितलंय तुमी? ही सूज हाय. अक्का काय खायल्यात?"

मी पुडी दाखवली. त्यांनी ती हुंगली, जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. "ह्यात स्टिरॉइड मिसळल्यालं असणार. बंद करायची हाय, पर आज न्हाई. एकदम तर बिलकुल न्हाई. उद्या दवाखान्यात दाखवू, मी येते संगं."

उद्या मला शाळेत तपासणी होती. "सोमवारी रजा टाकतो," मी म्हणालो. "मग सोमवारपर्यंत चालू राहू द्या," असं दोनदा बजावून त्या गेल्या. आणि त्यांची पाठ वळताच मी पेटी उघडून सगळ्या पुड्या मोरीत रिकाम्या केल्या. वर्षभर आपल्याला मिळालेलं कौतुक सुजेचं होतं, ही लाज मला सहन होईना. आईला विष चारून वर मी फुशारक्या मारल्या होत्या. आता निदान विष फेकल्याचं तरी समाधान पाहिजे होतं. मॅडमना मी हे सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी आईला उलट्या सुरू झाल्या. उठवून बसवलं तर डोळे फिरवले. माझी बायको सुनंदा धावत जाऊन मॅडमना घेऊन आली. त्यांनी आईची नाडी धरली आणि वर न बघता विचारलं, "शेवटची पुडी कवा?"

मी सांगितलं. ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अक्काला उचला," एवढंच म्हणाल्या, आणि चप्पल न घालता बालाजीच्या रिक्षात जाऊन बसल्या.

दवाखान्यात डॉक्टरांपुढे त्या एका दमात बोलल्या : वर्षभर स्टिरॉइडची पुडी, तीन दिवसांपूर्वी एकदम बंद, उलट्या, नाडी हलकी. डॉक्टरांनी लगेच रक्तदाब बघितला आणि इंजेक्शन मागवलं. नंतर ते मला म्हणाले, "त्यांनी हे सांगितलं नसतं तर आम्ही उलट्यांचं कारण शोधत बसलो असतो. आणि तुमच्या आईकडे तेवढा वेळ नव्हता."

बाहेरच्या बाकावर मी मान खाली घालून बसलो होतो. मॅडम शेजारी येऊन बसल्या. "शरीर लय भोळं असतं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळ्यांच्याच किडनीच्या डोक्यावर एक बारकी ग्रंथी असती. तिथं हे औषध घरच्या घरी शिजतं, रोज पहाटे, लागंल तेवढं. वर्षभर बाहेरून डबा यायला लागला. मग अक्काच्या ग्रंथीनं चूल इझवून टाकली. तुमी एकदम डबा बंद केला. चूल पेटायला महिने लागतात हो. तवर काय खायचं तिनं?"

मी रडलो. त्यांनी मला रडू दिलं.

आईला त्याच औषधाची गोळी सुरू झाली, मोजून, आणि ती पायरी पायरीनं उतरवायची ठरली. रोज सकाळी आठ वाजता, खाऊन झाल्यावर. मॅडम म्हणाल्या, "मी देत जाईन. तुमच्यावर माझा भरवसा न्हाई."

पहिल्या दिवशी त्यांनी गोळी पुढे केली तर आई म्हणाली, "तिथं ठिवा." त्यांनी ती वाटीत ठेवली. आठ दिवस वाटीत ठेवली. पण आईनं गोळी गिळल्याशिवाय हलल्या नाहीत. नवव्या दिवशी वाटी घासायला पडली होती. आईनं इकडे तिकडे बघितलं आणि हात पुढे केला.

गोळी कमी होत गेली तसे गुडघे परत बोलू लागले. आई मॅडमना शिव्या द्यायची, पेडगावच्या अस्सल शिव्या. मॅडम ऐकून घ्यायच्या आणि तिला खुर्चीवर बसवून पाय उचलायचा व्यायाम करायला लावायच्या. "धा झाले. आणखी धा. शिव्या मोजू नका, पाय मोजा." आई हसायची. मग दोघी पिकांवर, सुनांवर, मेलेल्या नवऱ्यांवर बोलत बसायच्या. आठला आलेल्या मॅडम दहाला जाऊ लागल्या.

दोन महिन्यांनी मावशी पालमहून येऊन गेली. त्यानंतर एका सकाळी आईनं कमरेची चंची सोडली, आतून एक पुडी काढली आणि मॅडमच्या तळहातावर ठेवली. "घे. दोन दिस झाले जवळ हाय. गुडघा लय बोंबलायलाय. पर खाल्ली न्हाई." त्यांनी पुडी मुठीत धरली आणि आईच्या गुडघ्यावर नुसता हात ठेवून बसून राहिल्या.

आणखी तीन महिन्यांनी डॉक्टरांनी सकाळी आठचं रक्त तपासलं आणि सांगितलं, घरची चूल पेटली. म्हणजे ते इंग्रजीत बोलले, मी मॅडमच्या भाषेत ऐकलं. गोळी बंद. आईचा चेहरा पुन्हा पूर्वीसारखा वाळका, सुरकुतलेला झाला होता. इतका सुंदर चेहरा मी वर्षभर पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई वेणीफणी करून खुर्चीत बसली. आठ वाजले. सव्वाआठ झाले. "कमल आली न्हाई?"

"आई, गोळी बंद झाली ना आता."

आई उठली, हात न टेकता उठली, आणि चपला शोधू लागली. मॅडमचं घर चार दारं सोडून. मी मागोमाग गेलो. मध्ये दोनदा ती भिंतीला धरून थांबली, पण माझा हात घेतला नाही.

मॅडमचं दार उघडंच होतं. आत त्या इस्त्रीची साडी नेसून, पावडर लावून, मांडीवर पर्स घेऊन खुर्चीत बसल्या होत्या. कुठं जायचं नव्हतं. तयार होऊन बसल्या होत्या. आम्हाला बघताच ताडकन उठल्या. "का झालं अक्का? चक्कर? उलटी?"

"मला का व्हतंय? तू आली न्हाईस."

"गोळी बंद झाली की. आता काय म्हणून यायचं?"

"गोळी डाक्टरनं बंद केली," आई म्हणाली, "तुला यायचं कुणी बंद केलं?"

मॅडमनी पर्स उगाचच उघडली आणि मिटली. आई उंबरा ओलांडून आत गेली. आयुष्यात पहिल्यांदा ती असल्या घराचा उंबरा ओलांडत होती, आणि तिला तो ओलांडताना मी बघत होतो. पलंगावर टेकली, धाप जिरवली आणि म्हणाली, "पाणी दे, कमल."

मॅडम आत गेल्या. आत पेला वाजला, मग बराच वेळ काहीच वाजलं नाही. बाहेर आल्या तेव्हा डोळे पुसलेले होते. आईनं पेला तोंडाला लावला, घटाघटा रिकामा केला आणि परत त्यांच्यापुढे धरला.

"आणखी दे," ती म्हणाली. "लय तहान लागली व्हती."