बद्रुद्दीनचाचांनी पाडलेला भाव

चौक गावच्या हायवेवर जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्या बद्रुद्दीनचाचांपुढे कुठल्याच गाडीची किंमत टिकत नसे. पिकल्या जांभळीतून वारा गेला की जांभळं पडावीत, तशी ती टपटप खाली यायची.

त्यांच्या लेकीला, सानियाला, साजगावच्या कारखान्यात नोकरी लागली. पाळी भल्या पहाटेची, त्या वेळी रिक्षा मिळायची नाही. गाडी नाही तर नोकरी नाही. म्हणून नवी गाडी लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाड्यानं, घ्यायचं ठरलं. हलिमाचाचींनी एवढंच बजावलं, "महिन्याला अठरा हजाराच्या वर एक रुपया नाय."

"तू बघ नुसती," चाचा म्हणाले.

लीज कंपनीचा प्रवीण घरी येऊन लॅपटॉप उघडून बसला. "चाचा, गाडी आज दहा लाखांची. चार वर्षांनी तुम्ही ती परत देणार, तेव्हा पाच लाखांची धरू. मधे किंमत जेवढी घटते, तेवढीच तुम्ही महिन्या-महिन्यानं भरायची, वर व्याज. अठरा हजारांत बसतंय."

चाचांच्या कानात 'पाच लाख' एवढंच शिरलं. चार वर्षं वापरलेल्या गाडीला पाच लाख!

"कोण देतंय पाच? इथले खड्डे बघितलेस? साडेतीन."

"चाचा, पाच धरलेलं तुमच्याच..."

"पोरगी नवशिकी हाय. चारी बाजूंनी पत्रा ठोकलेला असल. सव्वातीन."

"अब्बा, ऐका तरी," सानिया म्हणाली.

"तू गप गं. सौदा चाललाय. तीन. शेवटचं."

प्रवीणनं साहेबांना फोन लावला. साहेब एका शब्दात तयार झाले. चार वर्षांनी परत आलेली गाडी पाच लाखांना विकली जाईल की नाही, ही त्यांची काळजीच मिटली. चाचांनी दाढीवरून सावकाश हात फिरवला.

"हप्ता एकवीस हजार," प्रवीण म्हणाला.

"भाव उतरला नि हप्ता चढला?"

"घट वाढली ना, चाचा. दहाचे पाच होणार होते, तुम्ही तीन केलेत. मधलं सगळं तुम्हीच भरायचं."



"आजवर लोकांच्या गाड्यांचा भाव पाडला," हलिमाचाची म्हणाल्या, "आज सोताच्या गाडीचा पाडला."

सानियानं नोकरीचं पत्र घडी करून कपाटात ठेवलं. ते चाचांना जास्त लागलं. त्यांनी घसा खाकरला. "गाडी तशी... बरी हाय," ते म्हणाले. उभ्या जन्मात गाडीचं कौतुक केलं नव्हतं, शब्द माशाच्या काट्यासारखा अडकत होता. "लय बरी हाय, प्रवीणशेठ."

पण साहेब आता अडून बसले. बऱ्याच विनवण्यांनंतर म्हणाले, गाडी कमी पळवणार असाल तर पाच धरू. महिन्याला सातशे किलोमीटर, पुढे दंड. सानियाच्या जाण्यायेण्यातच तेवढे संपत होते. सही झाली.

पहिल्या रविवारी चाचा अत्तर लावून, पळसदरीला बहिणीकडे जायला गाडीत बसले.

"अब्बा, उतरा," सानिया म्हणाली. "तुमच्यासाठी किलोमीटर नायत."

चाचा टेंपोनं गेले. बहिणीनं पाणी देता देता विचारलं, "भाईजान, नवी गाडी कशी हाय?"

चाचांनी आधी दारातून डोकावून पाहिलं. कंपनीचं कोणी आसपास नव्हतं. मग ते हळूच म्हणाले, "पत्रा पातळ हाय."