दोन पदव्यांचा बारावी पास

सुजितला दोन पदव्या एकदम मिळणार होत्या, आणि म्हणूनच चार वर्षं कॉलेजात घालवूनही त्याच्यापाशी एकही नव्हती.

त्याच्या कॉलेजनं कॉम्प्युटरचा एक वेगवान अभ्यासक्रम काढला होता. बी.टेक.ची चार आणि एम.टेक.ची दोन अशी सहा वर्षं दाबून पाचात बसवायची आणि शेवटी दोन्ही प्रमाणपत्रं एकदम हातात ठेवायची. एक वर्ष वाचतं, असं माहितीपत्रकात ठळक अक्षरांत छापलं होतं. मधल्या काळात विद्यार्थी नेमका कोण असतो, हे छापायचं तेवढं राहून गेलं होतं. त्याच्याबरोबरची साधं बी.टेक. केलेली पोरं हिंजवडीत नोकरीला लागून बुलेट उडवत होती, आणि त्यांच्याहून जास्त शिकलेला सुजित सरकारदरबारी अजून बारावी पासच होता.

त्याचे वडील ज्योतीराम भोसरीच्या वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. संत तुकाराम नगरात पोराची बाजू लढवण्याचं कामही त्यांच्याकडेच होतं.

"दोन डिग्र्या हायत, बाई. एकदमच येतेत घरी," ते शेजारच्या इंदुताईंना सांगायचे.

"येऊ देत की," इंदुताई म्हणायच्या. "दोन्ही घरचा पाहुणा उपाशी राहिला नाही म्हणजे झालं!"

आता शेवटचं वर्ष होतं आणि सगळं एका प्रोजेक्टवर अडलं होतं. चाकणच्या पट्ट्यात मोटारींचे दिवे बनवणाऱ्या एका कंपनीसाठी सुजितनं एक प्रोग्रॅम लिहिला होता. कामावर असून काम न करणारी माणसं तो कॅमेऱ्यातून शोधून काढायचा. हात हलत असले की माणसाभोवती हिरवी चौकट, हात थांबले की लाल. कंपनीनं पाठवलेल्या चित्रफिती बघून सुजितनं हे सगळं पिंपरीत पंख्याखाली बसून केलं होतं. कारखाना आतून कसा दिसतो हे बघण्याची गरज ना त्याला वाटली होती, ना त्याच्या गाइड प्राजक्ता मॅडमना. कंपनीच्या मोठ्या साहेबांना तो चालवून दाखवायचा, पसंत पडला की सहा महिने कंपनीत जाऊन तो बसवायचा, आणि मग दोन्ही पदव्या. साहेबांनी नाही म्हटलं की अख्खं वर्ष पाण्यात.

त्या दिवशी मॅडम लॅपटॉप घेऊन गाडीनं पुढे गेल्या. सुजित बस आणि शेअर रिक्षा करत धापा टाकत गेटवर पोचला. गेटवरच्या वॉचमनपुढे पाससाठी एक टॅब होता.

"व्हिजिटर का?"

"हो. प्राजक्ता मॅडमबरोबर."

"व्हिजिटरमध्ये त्यांचं एकट्यांचंच नाव आहे. तुम्ही कोण?"

"स्टुडंट."

"स्टुडंट नाही येत ह्याच्यात. व्हिजिटर, स्टाफ नाहीतर ट्रेनी. बोला लवकर, मागं लाइन लागलीय."

सुजितनं घड्याळ बघितलं. "ट्रेनी टाका. तेच जवळचं आहे."

इतक्या शिकलेल्या माणसानं स्वतःच्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला तो असा.

"शिक्षण?"

"बी.टेक. आणि एम.टेक."

"दोन्ही झालं?"

"दोन्ही चालू आहे."

"चालू नको, झालेलं सांगा."

सुजितनं मान खाली घातली. "बारावी."

वॉचमनचा चेहरा खुलला. बारावी टॅबमध्ये होती. त्यानं सुजितचा मोबाइल नियमाप्रमाणे लॉकरमध्ये टाकला, गळ्यात पिवळं कार्ड अडकवलं आणि हाक मारली, "बाळाजीभाऊ, तुमचा अजून एक आला!"

बाळाजी जवळच्याच कुरुळी गावचा. कंपनीला ट्रेनी म्हणून माणसं पुरवायचं कंत्राट त्याच्याकडे होतं, आणि त्याची नवी तुकडी नेमकी आजच कामावर चढत होती. त्यानं सुजितच्या डोक्यावर हेल्मेट आणि तोंडावर मास्क चढवला, हातात पिवळं जॅकेट कोंबलं.

"भाऊ, काहीतरी चुकतंय. मी एम.टेक. करतोय," सुजित म्हणाला.

"करा की! आमी कुठं न्हाई म्हंतोय?" बाळाजी म्हणाला. "ह्यो नवनाथ एम.ए. हाय. त्यो फुडचा बी.एस्सी. हाय. कुनी वर तोंड करून सांगतंय का? चला, लायनीत ऱ्हावा."

एम.ए.वाल्या नवनाथनं त्याच्याकडे सहानुभूतीनं बघितलं आणि पुढे ढकललं.

पाच मिनिटांत सुजित पॅकिंगच्या लाइनवर उभा होता. समोरच्या सरकत्या पट्ट्यावरून दिवे येत होते, ते खोक्यात भरायचे आणि खोकी पुढे सारायची. त्यानं सुपरवायझर शेखरला गाठलं.

"सर, वर माझं प्रेझेंटेशन आहे. साहेब वाट बघतायत."

"माझं पण आहे, टार्गेटचं," शेखर म्हणाला. "साहेब माझी पण वाट बघतायत. हात चालव."

आणि तेवढ्यात सुजितची नजर वर गेली. छताला कॅमेरा होता. ज्याच्या चित्रफिती त्यानं वर्षभर डोळे फुटेपर्यंत पाहिल्या, तोच हा कॅमेरा. म्हणजे आत्ता वर मॅडम याच लाइनचं चित्र साहेबांना दाखवत असणार! सुजितला आशेचा किरण दिसला. तो कॅमेऱ्याकडे बघून दोन्ही हात जोरजोरात हलवू लागला.

"काय झालं रे? मधमाशी चावली का?" नवनाथनं विचारलं.

"वर माझ्या मॅडम आहेत. त्यांना दिसावं म्हणून."

"भावा, असल्या कपड्यात तुझ्या आईला तरी वळकू येशील का तू?"

ते खरं होतं. सुजितनं हात खाली घेतले. तेवढ्यात पट्टा रिकामा झाला. पलीकडून दिवे यायचे थांबले.

"आता काय करायचं?"

"माल येस्तोवर हुबं राहायचं."

"बसूया ना मग."

"बसायचं न्हाई. बसलं की शेखर साहेब बोंबलतेत. जागा सोडायची न्हाई, मशीनला हात लावायचा न्हाई. हुबं राहायचं." एवढं सांगून नवनाथनं खिशातून फडकं काढलं आणि भरलेलं, बंद केलेलं, चकचकीत खोकं पुसायला घेतलं. एकदा पुसून झालं की पुन्हा तेच. "तू बी पूस. वरून बघत असतेत."

सुजितला ते ढोंग पटेना. जो एक वर्ष वाचवायला निघाला होता, त्यानं पुसलेलं खोकं कशाला पुसावं? तो हाताची घडी घालून, सांगितल्याप्रमाणे, सरळ उभा राहिला.

थोड्या वेळानं शेखरचा फोन वाजला. तो "जी सर, जी सर" म्हणाला आणि थेट सुजितपुढे येऊन उभा राहिला.

"तू घरी जा. वरून ऑर्डर आहे. पहिल्या मजल्यावर एचआरला कार्ड जमा कर."

सुजितला मिठीच मारावीशी वाटली त्याला. वर! म्हणजे मॅडमनी शेवटी ओळखलं! तो हेल्मेट-मास्क काढत जॅकेटसकट जिना चढला आणि एचआरच्या शेजारच्या काचेच्या खोलीत घुसला.

"कुठे होतास तू?" मॅडम खेकसल्या, पण हसत. "शेवटी मीच दाखवला. काय चाललाय प्रोग्रॅम!"

"फर्स्ट क्लास!" मोठे साहेब म्हणाले. "आधी म्हटलं, माणसाच्या नजरेला जे दिसत नाही ते मशीनला काय दिसणार? पण तुमच्या प्रोग्रॅमनं पहिल्याच दिवशी कामचुकार पकडला. आधी असा राबत होता की दोन्ही हात हवेत! नंतर बघतो तर हाताची घडी घालून उभा. लगेच घरी पाठवला. आणि शेजारचा बघा, काय कामसू पोरगा! क्षणभर हात थांबला नाही."

पडद्यावर नवनाथ हिरव्या चौकटीत खोकं पुसत होता.

कामचुकार म्हणजे कोण, ते सुजितला उमगलं. गप्प बसला असता तर निभावलं असतं, पण त्याला राग आला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तो स्वतःच्या प्रोग्रॅमचा आला होता.

"सर, तो माणूस कामचुकार नव्हता. माल आला नव्हता. बसायची परवानगी नव्हती. उभं राहण्याखेरीज तो करणार काय?"

"तुम्हाला काय माहीत?"

"सर, तो मीच होतो."

साहेबांनी पिवळं जॅकेट खालून वर नीट पाहिलं.

"म्हणजे तुम्ही काम न करता उभे होतात?"

"उभा होतो, सर, पण..."

"मग प्रोग्रॅम बरोबरच आहे की!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. "कमाल आहे! ज्यानं लिहिला त्यालाही सोडलं नाही!"

"पारदर्शक आहे, सर," मॅडमनी लगेच जोडून दिलं.

साहेबांनी मंजुरीच्या कागदावर सही ठोकली. सुजितचा जीव भांड्यात पडतोय न पडतोय तोच एचआरच्या वर्षाली मॅडम दारात आल्या.

"सर, यांचं नाव काढून टाकलेल्यांमध्ये चढलंय. वर्षभर गेटच्या आत घेता येणार नाही."

"मग ते खोडून टाका ना!" सुजित म्हणाला.

"नियम सगळ्यांना सारखा," साहेब गंभीरपणे म्हणाले. "मॅडम, प्रोग्रॅम आम्ही ठेवून घेतो. बसवायला विद्यार्थी तेवढा दुसरा पाठवा. जरा कामसू बघा."

मॅडमनी सुजितकडे बघायचं टाळलं. "चौथ्या वर्षाला आहे एक," त्या म्हणाल्या. "तुझं आपण पुढच्या वर्षी बघू हं, सुजित. असाही तू एक वर्ष पुढेच आहेस."

सुजित गेटबाहेर आला तेव्हा बाळाजी टपरीवर चहा पीत होता. त्यानं न विचारताच आणखी एक चहा सांगितला.

"तोंड पाडू नगा. पैल्या दिवशी व्हतंय आसं," तो म्हणाला. "बारावी हाय न्हवं? लई काम हाय बारावीला. भोसरीत दुसरी कंपनी हाय, उद्या सकाळच्याला लावून देतो. येताय का?"

सुजितनं चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "तिथं कॅमेरे आहेत का हो?"