न्यायाधीशांची छत्री

न्यायाधीशाला विनोदबुद्धी असणे लोकशाहीच्या हिताचे असते. ती मधेच वाया जाऊ नये म्हणून आमच्या देशाने फेडरल न्यायाधीशाची नेमणूक तहहयात ठेवली आहे.

मिनेसोटाच्या उत्तरेकडील आमच्या कोर्टात न्यायाधीश ऑर्विल थोरसन बावीस वर्षे विराजमान आहेत. त्यांची पात्रता वादातीत आहे. न्यायाधीशपदासाठी नाव सुचवणाऱ्या सिनेटरसाहेबांच्या तीन निवडणुकांत त्यांनी सभांची व्यवस्था पाहिली (पहिल्या दोन वेळा सिनेटर पडले, त्यामुळे तेव्हा पात्रता अपुरी होती). निकालपत्रे दोन तरुण मदतनीस लिहितात. सही मात्र साहेब जातीने करतात. वरच्या कोर्टाने त्यांचे एकतीस निकाल फिरवले. विनोद एकदाही फिरवला नाही.

विनोद एकच आहे. "बायको म्हणाली, छत्री घेऊन जा. मी म्हटलं, हरकत फेटाळली!" मी कोर्टाची लघुलेखिका; त्या विनोदापुढे कंसात 'हशा' लिहिते. हल्ली आधीच लिहून ठेवते.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी लाकूड कंपनीचे मालक एव्हरेट लुंडीन समोर आले. त्यांनी सरकारी जंगलातली एक अख्खी टेकडी नजरचुकीने तोडली होती. छत्रीवर ते डोळे पुसेपर्यंत हसले. साहेबांना त्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसला आणि त्यांनी लुंडीनना ताकीद देऊन घरी पाठवले.

पुढचा आरोपी मार्विन हौताला. त्याच टेकडीच्या पायथ्याशी त्याने नाताळच्या सजावटीसाठी स्प्रूसच्या झाडांचे शेंडे कापून विकले होते. पहिलाच गुन्हा. मागच्या बाकावर त्याची बायको टीना बसलेली, नववा महिना लागलेला. बाळ येईल तेव्हा घरी असावे, एवढेच त्याचे मागणे होते.

"साहेब विनोद सांगतील," त्याची वकील जॅनिस कुजबुजली. "तेव्हा हसायचं."

"चांगला असतो का?"

"मार्विन, तू इथे परीक्षक म्हणून आलेला नाहीस. बाळाचं तोंड बघायचंय ना? मग हस!"

मार्विन कान देऊन बसला. साहेबांनी छत्री सांगितली. सगळे हसले. मार्विन मात्र अजून विनोदाचीच वाट पाहत होता.

मग साहेब गंभीर झाले. "लुंडीन असोत की हौताला, या कोर्टात सगळे सारखे."

हाच तो विनोद, हे मार्विनच्या लगेच लक्षात आले. तो टेबलावर थाप मारून पोट धरून हसला. आमच्या कोर्टात इतके मनापासून कोणी हसल्याचे मला आठवत नाही.

दीड वर्ष तुरुंगवास. (साहेबांच्या सूचनेवरून कंसात 'गैरवर्तन'.)

"अहो मॅडम, हसलो की मी!" नेताना तो जॅनिसला सांगत होता. टीना मान खाली घालून बसून राहिली. मला साहेबांच्या काळ्या झग्याची किळस आली. मुलगी जानेवारीत झाली. बापाने ती तुरुंगातल्या भेटीच्या काचेपलीकडून पाहिली.

तुम्ही वाचताना कुठे हसलात, ते मी विचारत नाही. माझ्याकडे तेवढे कंस नाहीत. पण उद्या तुमच्या साहेबांनी छत्री काढली, तर कधी हसायचे हे तुम्हाला कोणत्याही वकिलाने सांगावे लागणार नाही.