एकवीस मुळ्यांचा काढा

अबे टिंकू, तो मोबाईल ठेव खाली अन् ऐक आधी! नाही, नंतर नाही, आत्ताच. पीयूषच्या घरी काय झालं ते ऐकशील तर खुर्चीतून पडशील.

पीयूषचे बाबा, ग्यानीराम काका, आठवतात ना? अर्जुनी मोरगावकडचे, वय शहात्तर. चाळीस वर्षांपासून गावच्या तलावाचे पाणकर. म्हणजे तलावाचं पाणी कोणाच्या बांधीत, धानाच्या तुकड्यात, कधी अन् किती सोडायचं, ते काका ठरवणार. सरपंच आला तरी नंबरानंच. तर काकांच्या पायांवर सूज आली म्हणून पीयूषनं त्यांना गोंदियाला आणलं. डॉक्टर मॅडमनं रिपोर्ट पाहिला अन् म्हणाल्या, "वय वाढलं की किडनीकडे जाणारं रक्त कमी होतं. त्यात काकांनी वर्षानुवर्षं गुडघ्यासाठी दुखण्याच्या गोळ्या खाल्ल्या. धडधाकट किडनीचा आकडा नव्वदच्या वर असतो, यांचा एक्केचाळीसवर आलाय."

काका म्हणाले, "म्हणजे पाटात पाणी कमी, अन् वरून गाळ."

"अगदी बरोबर!"

"मंग जोर नाही कराचा. जेवढं येते तेवढ्यात भागवाचं."

मॅडम खूश. मीठ कमी, दुखण्याची गोळी बंद, मनानं कोणताही काढा नाही, चूर्ण नाही. महिनाभर गोंदियातच राहा. आकडा टिकला तर गावाला जा, घसरला तर नागपूरला भरती. काकांचा जीव टांगणीला. कारण महिन्याभरात धान पोटरीवर येणार, अन् शेवटचं पाणी वाटायला काका नसले तर बांधीबांधीवर डोकी फुटणार.

हे सगळं चालू असताना पीयूष काय करून राहिला होता? मोबाईलवर किडनीचे व्हिडिओ पाहून राहिला होता. (डॉक्टर दीड हातावर बसलेली!) अन् जिना उतरता उतरता गड्यानं एक छोटासा निर्णय घेतला. आकडा नुसता टिकवायचा कशाला? वाढवायचा!

तिसऱ्या दिवशी पार्सल आलं. एकवीस मुळ्यांचं चूर्ण. डब्यावर किडनीचं चित्र, किडनीला डोळे, अन् ती हसून राहिलेली.

रेणू, त्याची बायको, शाळेत विज्ञान शिकवते. ती म्हणाली, "अहो, मॅडमनं काढा नाही म्हटलं ना?"

"ते बाहेरचे काढे, रेणू. हा आपण घरी उकळून राहिलो."

आता यावर विज्ञान तरी काय बोलणार?

सकाळी गंजभर, म्हणजे पातेलंभर, काढा उकळला. रंग डबक्याचा, वास असा की शेजारच्या गोवर्धननं घरी गॅस गळून राहिला का म्हणून सिलेंडर बंद केलं. पीयूषनं तीन ग्लास भरले अन् एक काकांसमोर धरला. काकांनी ग्लासाकडे पाहिलं नाही, पोराकडे पाहिलं.

"आधी तू घे."

"बाबा, तुमच्यासाठी आहे हा."

"पाणकर आपल्या बांधीत सगळ्यात शेवटी पाणी घेते. चाळीस साल पाळलं. आता कायले मोडू?"

पीयूषला उलट भरूनच आलं. (बापाची तत्त्वं वगैरे.) त्यानं डोळे मिटून ग्लास रिकामा केला.

"रेणूचा वाटा?"

"मला नको, बाबा. मला शाळेला उशीर होऊन राहिला."

"मंग तिचा तू घे. वाटा वाया नाही जाऊ द्याचा."

दुसरा ग्लास.

"माया वाटा ठेव झाकून. दुपारच्याले घेतो."

असं सकाळ-संध्याकाळ, पूर्ण महिना! ऑफिसात पीयूष दर अर्ध्या तासानं टेबलावरून गायब. साहेबाला वाटलं दुसरी नोकरी शोधून राहिला. तोंड कडू, जेवण जात नाही, पण गाल गुबगुबीत झाले. तो सगळ्यांना सांगे, "काढ्याचं तेज आहे." (सूज होती बे ती!)

महिना संपला. काकांची तपासणी करताना यानं आपलंही रक्त दिलं. कशासाठी? तर चांगला रिपोर्ट कसा असतो ते बाबांना दाखवायला. दोन्ही कागद एकाच पाकिटात आले. मॅडमच्या दारात, पेशंटच्या गर्दीत, पीयूषनं वरचाच कागद ओढला अन् ओरडला, "अठ्ठावन्न! एक्केचाळीसचे अठ्ठावन्न! बाबा, पाहा!"

रांगेतले लोक उठून उभे. "कोणतं औषध, भाऊ?" यानं डब्याचा फोटो दाखवला. दोघांनी तर तिथंच ऑर्डर टाकली. आत गेल्यावर मॅडमला म्हणतो, "मॅडम, राग मानू नका, पण तुमच्या शास्त्राला मर्यादा आहेत."

मॅडमनं दोन्ही कागद पाहिले. चष्मा काढला, पुन्हा लावला.

"काकांचा आकडा एक्केचाळीसच आहे. टिकला. काका, तुम्ही गावाला जाऊ शकता."

"मग अठ्ठावन्न?"

"ते तुमचे. वय तेहतीस लिहिलंय. तुम्ही काय घेऊन राहिलात?"

डबा रेणूनं पर्समधून काढून टेबलावर ठेवला. (तयारीनंच आली होती.)

मॅडम घाबरल्या. "काका, तुम्ही हे किती घेतलं?"

"एक थेंब नाही. माया वाटा शेवटी, अन् शेवट काही आलाच नाही."

"पण दुपारचा ग्लास?" पीयूष किंचाळला.

"संध्याकाळच्या गंजात परत टाकून देत होतो. वाटा वाया जाऊ द्याचा नसते."

म्हणजे बापाचा वाटाही यानंच प्यायला! मॅडम म्हणाल्या, आत्ता बंद केलं तर बहुतेक भरून येईल, पण आठवडाभर कोणीतरी यांना नजरेखाली ठेवा अन् परत तपासा. रेणूनं शाळेच्या परीक्षांचं कारण सांगितलं. काका उठले. "चाल मंग, पीयूष. गावाले चाल."

मी सोडायला गेलो होतो. बसमध्ये एकच जागा रिकामी, ज्येष्ठ नागरिकांची. काकांनी पोराला तिथं बसवलं अन् आपण दांडा धरून उभे. कंडक्टर म्हणाला, "अहो, ही सीट म्हाताऱ्यांची आहे."

"बसू दे, बाप्पा," काका म्हणाले. "मायी किडनी वयानं गेली. यानं मेहनतीनं घालवली."

सगळी बस हसली. पीयूष खिडकीतून मला म्हणतो, "पण मी भल्यासाठीच केलं ना बे?" आता तूच सांग टिंकू, शहात्तर वर्षांचा बाप समोर बसून "आधी तू घे" म्हणतो, तर तू काय केलं असतं?