अकरा टॉमी आणि एक वही

सर्व्हरवर एखादी गोष्ट बसवणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! निदान रविवारी सकाळी बायकोला मी असंच ठणकावून सांगितलं.

बायको जनावरांची डॉक्टर. दवाखान्यातल्या सगळ्या प्राण्यांची माहिती बेसिनशेजारच्या एका जुन्या कॉम्प्युटरवर असते. त्यालाच आम्ही कौतुकाने सर्व्हर म्हणतो. त्यातलं काही शोधायचं तर प्रत्येक वेळी मला हाक मारावी लागायची. म्हणून मी ठरवलं, सगळा डेटाबेस ब्राउझरमध्ये उघडेल असं एक साधन बसवून द्यायचं. मग कोणीही बघावं!

"आधी बॅकअप घे," बायको म्हणाली.

"बॅकअप भित्रे लोक घेतात!"

साधन बसलं. मी पान उघडलं, तर पडद्यावर उत्तर आलं : तुम्हाला परवानगी नाही. मला? माझ्याच बायकोच्या सर्व्हरवर? डोकंच फिरलं माझं! तासभर झटापट केली आणि शेवटी रागाच्या भरात सगळ्यांना सगळ्या परवानग्या देऊन टाकल्या. बघा, बदला, पुसा, काय वाटेल ते करा! कोणी विसरू नये म्हणून पासवर्डही काढून टाकला. पान झटक्यात उघडलं आणि मी शीळ घालत जेवायला गेलो.

सोमवारी काउंटरवरच्या कॉम्प्युटरपुढे नेहमीप्रमाणे सासरे बसले होते. येणाऱ्यांना नंबर द्यायचं काम त्यांच्याकडे. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यात मुद्रितं तपासली. अजूनही औषधाच्या बाटलीवरचं लेबल ते लाल पेन घेऊनच वाचतात.

दहाच्या सुमारास एक बाई भलाथोरला कुत्रा घेऊन आल्या. पंजात काच घुसलेली. भूल देऊनच काढायला हवी होती.

"डॉक्टर, गेल्या वेळी भुलीच्या औषधाने माझा टॉमी मरता मरता वाचला हो! कुठलं औषध, ते तुमच्याकडे लिहिलंय."

"बघ रे जरा," बायको आतून म्हणाली. मी ऐटीत 'टॉमी' शोधलं. एकच टॉमी निघाला. जात : पोपट. वजन : नव्वद ग्रॅम.

"पोपट?" बाई किंचाळल्या.

मी हळूच काउंटरकडे वळलो. "बाबा, तुम्ही यात काही केलंत का?"

"केलं की! अहो जावईबापू, एकच नाव अकरा वेळा! किती ती पुनरुक्ती! दहा गाळले. सगळ्यांत आटोपशीर होता, तेवढा ठेवला. मोती अजून तपासायचाय."

बायको हातमोजे घालून दारात उभी होती. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं! टेबलावरचा टॉमी माझ्याकडे बघून शेपटी हलवत होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"अहो, चेहरा कशाला पाडताय?" सासऱ्यांनी ड्रॉवरमधून एक वही काढली. "गाळलेलं उतरवून ठेवल्याशिवाय मी जन्मात एक ओळ कापलेली नाही!"

वहीत लाल शाईने दहाच्या दहा टॉमी ओळीने उभे होते. सातवा आमचा. कुत्रा, चाळीस किलो, डावा कान फाटका, आणि खाली त्याला न चालणाऱ्या औषधाचं नाव ठळक अधोरेखित! बायकोने दुसरं औषध दिलं. काच निघाली आणि तासाभराने टॉमी लंगडत का होईना, आपल्या पायांनी घरी गेला.

दुपारभर सासरे वाचत होते आणि मी टॉमी परत भरत होतो. तिसऱ्या टॉमीपर्यंत त्यांनी माझ्या चार चुका काढल्या.

संध्याकाळी बायकोने सरळ एका जाणकार माणसाला बोलावून सगळं नीट लावून घेतलं. रोज बॅकअप. प्रत्येकाला वेगळा पासवर्ड. सासऱ्यांना दुरुस्त करायची मुभा, पुसायची नाही. सगळे गेल्यावर मी गुपचूप माझ्या नावाने आत शिरलो आणि पोपटाचं वजन जरा नीट करायला गेलो.

पडद्यावर ओळखीचं वाक्य आलं : तुम्हाला परवानगी नाही.

या वेळी मी मुकाट्याने पान बंद केलं.