हेल्मीबाईंच्या नजरेखाली

वाइनो कांगासने दुपारी जेवणानंतर एक संत्रं सोलायचं ठरवलं, आणि तिथून त्याच्या घरात भूत शिरलं.

संत्र्याच्या डाव्या अंगाला गोल चिकटपट्टी होती. पोरांच्या खरचटल्या गुडघ्याला लावतात ना, तसली. वाइनोने ती उचकटली. खाली सुईएवढं भोक आणि भोकातून पाण्याचा थेंब. दुसरं संत्रं उचललं, त्यालाही पट्टी. सगळी परडीच पट्ट्या लावून बसलेली! आणि परडीसमोर, मिठाच्या बरणीला टेकून, त्याच्या मेलेल्या आईचा फोटो. तीन वर्षं हा फोटो जिन्यातल्या खिळ्यावर होता. स्वतःच्या पायाने उतरून आल्यासारखा आता स्वयंपाकघरात उभा होता.

आई म्हणजे हेल्मी कांगास, शाळेतली नर्स. अमेरिकेतल्या लेक सुपीरियर सरोवराच्या काठच्या त्या गावात चाळिशीपुढचा एक दंड असा नव्हता, ज्यात या बाईने सुई खुपसली नव्हती. सुटला होता तो एकच, पोटच्या पोराचा. वाइनो रस्त्यावरचं बर्फ उपसायची गाडी चालवायचा, अंगाने अस्वल, पण सुई म्हटलं की डोळे पांढरे. (पुरुषांची जातच तशी. कुऱ्हाडीने बोट तुटलं तर शीळ घालतील, आणि सुई दिसली की आईच्या मागे लपतील. याला तर आईच्या मागेही लपायची सोय नव्हती.) मरताना तिने त्याचा हात धरून वचन घेतलं होतं, दर हिवाळ्याआधी फ्लूची लस घेशील म्हणून. त्याने वचन दिलं, आणि दर वर्षी बायकोला सांगत आला, "घेतली बाई, गॅरेजवरच टोचून गेले." साफ खोटं!

म्हणून तर संत्र्यांचं बायकोपाशी बोलता येईना. बायको डार्लीन गावातल्या फार्मसीत मदतनीस होती. गोळ्या मोजायच्या, बाटल्यांत भरायच्या. टोचायचं काम तिचं नव्हे, फार्मासिस्टचं, हे वाइनोला पक्कं ठाऊक. तेव्हा तिचा संशय यायचं कारणच नव्हतं. संशय एकीचाच होता, आणि ती मातीखाली होती.

दुसऱ्या दिवशी भिंतीवरच्या हरणाच्या मुंडक्याला, मान संपते तिथे डावीकडे, पट्टी. समोर खुर्चीवर आई.

मग तळघरात सौनाचं, वाफ घ्यायच्या खोलीचं, दार उघडलं, तर खालच्या फळीवर टॉवेलची गुंडाळी, तिलाही पट्टी. वरच्या फळीवर आई. दमटपणाने काच धुरकटली होती, पण डोळ्यांवरची तेवढी स्वच्छ. वाइनोने कपडे न काढताच दार लावून घेतलं.

आणि मग कपाटात त्याचा कामाचा कोट. उजव्या बाहीवर, खांद्याच्या जरा खाली, पट्टी. तिथे फोटोही नव्हता. आधी फळ, मग जनावर, आता त्याची बाही. आई जवळ जवळ येत होती.

जेवताना त्याने पास्टी, म्हणजे खिम्याची भलीमोठी करंजी, न चाखताच बाजूला सारली.

"डार्लीन, मेलेल्या माणसाचं काही राहून गेलं, तर ते परत येतं का गं?"

"तुझी आई आली तर आधी तुझे बूट जागेवर ठेवायला लावेल. खा मुकाट्याने."

"पण समज, आलीच."

"तर विचार काय हवंय, आणि देऊन टाक. त्या बाईला नाही म्हणून कुणाचं भलं झालंय?"

रविवारी भर दुपारी आरामखुर्चीत त्याला डुलकी लागली. झोपेतच डाव्या दंडावर गार बोटं टेकली. बोटं चाचपडत खांद्याचं हाड शोधत होती. "इथे हाड... इथून खाली..." कुणीतरी पुटपुटलं. वाइनोने एक डोळा किलकिला केला. समोरच्या स्टुलावर आई!

त्याने फोडलेली किंकाळी चर्चपर्यंत ऐकू गेली म्हणतात. तो मोजे घालूनच बर्फात धावला, दारातल्या ट्रकमध्ये चढला आणि आतून कडी लावली. काचेवर टकटक झाली. काचेला आईचा चेहरा चिकटला.

"घेतो, आई! शपथ घेतो! उद्याच घेतो!"

"काय घेतोस?" आईच्या फोटोमागून डार्लीनचं डोकं वर आलं.

"लस!"

डार्लीनचे डोळे बारीक झाले. "म्हणजे ते गॅरेजवर टोचून गेले ते काय, डास होते?"

मग काच खाली झाली आणि सगळं बाहेर आलं. नवा नियम आला होता. शिकवणी झाली की मदतनिसांनीही लस टोचायची, पण फार्मासिस्ट शेजारी हजर हवा, त्याच्या देखरेखीखालीच. शनिवारी डार्लीनची पहिली पाळी. नवरा सुईच्या नुसत्या नावाने आडवा होतो, म्हणून ती गुपचूप सराव करत होती.

"अगं, पण संत्र्याला कसली देखरेख?"

"नियम तो नियम! कुणाची नजर नसताना मी सुईला हात लावत नाही. या गावात हेल्मीबाईंपेक्षा कडक नजर कुणाची होती, सांग."

"आणि माझा दंड?"

"नुसती बोटं लावली, सुई नव्हती. हरणाला दंड नसतो, मूर्खा!"

शनिवारी फार्मसीत रांग लागली. पहिल्या खुर्चीत वाइनो, ही त्याची शिक्षा. शेजारी फार्मासिस्ट बेरिट मॅडम, तरुण, गोड, सारखी हसणारी. आणि डार्लीनचा हात लटलटा कापायला लागला. सुई दोनदा उचलली, दोनदा ठेवली.

"आज नाही जमलं तर मला सही करता येणार नाही, डार्लीन," मॅडम हळूच म्हणाली. "पुन्हा गोळ्याच मोजाव्या लागतील."

डार्लीनच्या डोळ्यांत पाणी तरळलं. वाइनोने ते पाहिलं. तो उठला, तेव्हा सगळ्यांना वाटलं, पळाला. पण तो ट्रकमधून फोटो घेऊन आला आणि छातीशी धरून बसला.

रांगेतल्या पिकल्या केसांच्या माणसांनी टोप्या काढल्या आणि कुणी न सांगता बाह्या वर सरकवल्या. दुकानात एकदम गारवा आला. डार्लीनचा हात दगडासारखा स्थिर झाला. सुई गेली, आली. वर पट्टी. बेरिट मॅडमने तिथल्या तिथे सही ठोकली.

"झालं!" वाइनो जिवंत होता. "आता कोटावरचीही काढून टाक."

"कुठल्या कोटावरची?"

"कपाटातल्या. उजव्या बाहीवरची."

"मी सराव केला तो सगळा डाव्या अंगाला. आणि तुझ्या त्या डिझेलने माखलेल्या कोटाला कोण हात लावतंय?"

वाइनोने मान खाली घालून छातीवरच्या फोटोकडे पाहिलं. मग फोटो सांभाळत हळूहळू उजवी बाही वर केली.

"अहो, एका माणसाला एकदाच द्यायची असते," बेरिट मॅडम म्हणाली.

"मला काय सांगता? हिला सांगा."

मॅडमने फोटोकडे पाहिलं. हसू मावळलं आणि ती एक पाऊल मागे सरली. तेवढ्यात, सकाळपासून सगळी रांग ज्याची वाट बघत होती, ते झालं. अस्वल खुर्चीतून घरंगळलं. डार्लीन झेप घेऊन धावली आणि तिने झेललं.

फोटोला.