सात दिवे आणि चारशे बारा कुलुपं

"दातांच्या डॉक्टरला माझ्या पोटाचा घेर कसा काय माहीत, सांगा ना," पडद्याआडून बँडमास्तर पुटपुटत होते. आमची ट्रायल रूम म्हणजे दुकानाचा एक कोपरा आणि त्यावर एक पडदा. आतल्या माणसाने श्वास घेतला की पडदाही घेतो. मी अलीकडे, त्यांच्या पँटची उंची बेतायला ओठांत चार टाचण्या धरून उभी. "काल मला म्हणतो कसा, मास्तर, अठ्ठेचाळीस म्हणजे जरा जास्तच होतंय. दुखतोय माझा दात, आणि हा बघतोय पोटाकडे!"

डॉक्टरला कसं कळलं ते मला चांगलंच ठाऊक होतं. काउंटरवरच्या कॉम्प्युटरचं तोंड बाकाकडे आहे. बाकावर थांबलेलं गिऱ्हाईक दुसरं काय करणार, वाचत बसतं.

मी टाचण्या काढल्या. "मास्तर, उद्यापासून तुमचं पोट तुमच्याशिवाय कोणालाही दिसणार नाही."

"पोट दिसू दे हो वहिनी. आकडा दिसायला नको."

आता कोणी म्हणेल, स्क्रीन वळवून ठेवली असती तर भागलं असतं. भागलं असतं. पण मी कॉम्प्युटर स्वतःचा स्वतः शिकलेली बाई. चारशे बारा गिऱ्हाइकांची मापं तेलकट वह्यांमधून उचलून मी एकटीने त्यात भरली आहेत. असल्या माणसाला स्क्रीन वळवणं म्हणजे अपमान वाटतो. शिवाय महिन्यापूर्वीच मी एक एआय एजंट बसवून घेतला होता. मराठीत सांगितलेलं काम कॉम्प्युटरवर स्वतः करतो. मी त्याला कारकून म्हणते. चहा मागत नाही आणि 'वहिनी, हे कसं जमणार' असं म्हणत नाही, एवढे दोन गुण मला पुरले.

मापांना कुलूप घालण्याचं आणखी एक कारण होतं. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमचे हे शिंपी. तीस वर्षांचा हात. पण दोन वर्षं झाली, दुकानात उजेड कमी पडायला लागला. आम्ही तसंच म्हणतो. टेप नाकाला लावून हे माप वाचतात आणि म्हणतात, "उजेड कमी आहे गं." मग मी एक ट्यूबलाइट वाढवते. आता सात झाल्या. बाहेरून जाणाऱ्याला वाटतं आत ऑपरेशन चाललंय. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं तीनदा ठरलं आणि तिन्ही वेळा यांना नेमकी घाई होती. त्यांचंही बरोबर असेल. शिंप्याला दिसत नाही हे एकदा बाहेर पडलं, तर आपलं कापड त्याच्या कात्रीखाली कोण ठेवणार? आणि कात्री सोडून या माणसाला दुसरं काही येत नाही. मला विचाराल तर यायलाही नको.

म्हणून मी आणि काज-बटणवाल्या मावशींनी एक पद्धत काढली. हे माप घेतात. मग मावशी ब्रश घेऊन गिऱ्हाइकाच्या अंगावरचे धागे झटकतात आणि झटकता झटकता वितीने सगळा माणूस मोजून घेतात. कॉम्प्युटरवर मी दोन रकाने केले आहेत. एक 'ह्यांचं', एक 'खरं'. कापायच्या वेळी मी खरं वाचून दाखवते, हे लाकडी पट्टीच्या खाचा बोटांनी मोजून खडू ओढतात, आणि कोट असा बसतो की नाव ठेवायला जागा नाही. दोन वर्षांत यांना संशय आला नाही. निदान मला तसं वाटत होतं. पण बाकावरून कोणी दोन्ही रकाने वाचले असते, तर संपलंच असतं.

तर त्या दुपारी मी काळी खिडकी उघडली. कमांड लाइन म्हणतात तिला. चित्र नाही, बटण नाही, नुसती लुकलुकणारी एक रेघ, सासूबाई बघायच्या तशी बघत राहते. माहितीला कुलूप घालणारी एक सेवा मी शोधून ठेवली होती. कारकुनाला तिच्याशी जोडून द्यायचं, पुढचं तो बघेल. मी लिहिलं, "ज्याचं माप, त्यालाच उघडता यावं. दुसऱ्या कोणालाही नाही."

कारकून कामाला लागला. दर पावलाला परवानगी मागायचा. हे चालवू का? हो. ते जोडू का? हो. इतके होकार मी लग्न ठरतानाही दिले नव्हते, तेव्हा तर कोणी विचारलंही नव्हतं. एकूण एकोणीस प्रश्न. पहिले चार मी वाचले. मग इस्त्री तापली होती, म्हणून उरलेल्यांना एका हाताने हो, हो, हो.

शेवटी त्याने लिहिलं, "काम पूर्ण झाले. ४१२ फायली कुलूपबंद आहेत."

मी मावशींना म्हटलं, "बघा. अर्ध्या तासात."

"इस्त्री बघा आधी," मावशी म्हणाल्या. एक बाही गेलीच होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी टेबलावर मास्तरांचं लाल कापड अंथरलं. शनिवारी कार्यक्रम, सगळ्या बँडचे कोट त्याच लाल रंगाचे, आणि तो रंग गिरणीने बंद केलेला. कापड मोजून एका कोटाचं. चुकीला जागा नाही.

"हं, सांग," हे म्हणाले. हातात खडू.

मी मास्तरांची फाईल उघडली. बटणांचा डबा जमिनीवर सांडावा तशी अक्षरं.

"अगं, सांगतेस ना?"

"उघडतेय." मी कारकुनाला लिहिलं, बँडमास्तरांचं माप दाखव.

"क्षमस्व. ही फाईल फक्त बँडमास्तर उघडू शकतात."

"अरे, मी दुकानाची मालकीण."

"तेराव्या प्रश्नात मी विचारले होते की दुकानातील व्यक्तींनाही प्रवेश बंद करावा का. आपण 'हो' म्हणालात. आपण आपल्या स्वतःच्या मापाची फाईल उघडू शकता."

आणि मदतीला तत्पर म्हणून त्याने ती उघडलीही. 'ह्यांचं' रकान्यात कंबर अठ्ठावीस. 'खरं' रकाना रिकामा. स्वतःचा आकडा दुरुस्त करायला माझा हात कधी धजलाच नव्हता. एवढ्या गडबडीतही मी दोन सेकंद त्या अठ्ठावीसकडे बघत बसले.

तेवढ्यात फोन वाजला. दातांचे डॉक्टर. "वहिनी, तुमचा निरोप आला, आपलं माप आता आपल्या ताब्यात. छान. उघडलं. पण मला दोन कंबरा कशा?"

सतराव्या प्रश्नात काय होतं ते मला आत्ता कळलं. सगळ्या गिऱ्हाइकांना कळवू का? हो.

"एक बसून, एक उभ्याने," मी कुजबुजले.

"आणि गळा? तोही बसून?"

फोन ठेवला तर वकीलबाई. त्यांचा एक हात सतरा इंच आणि एक तेवीस. "एक उन्हाळ्यातला," मी म्हटलं, "एक हिवाळ्यातला." त्या म्हणाल्या, "ठीक आहे. असेल तसं." वकीलबाई आजवर कोणाचं एवढ्या लवकर ऐकताना मी पाहिलेल्या नाहीत. तेव्हाच खरं तर मला शंका यायला हवी होती.

"कोणाचे फोन?" यांनी विचारलं.

"दिव्यांची चौकशी," मावशी म्हणाल्या.

मी मास्तरांना फोन लावला. "मास्तर, मोबाईलवर निरोप आला असेल. त्यात 'परवानगी द्या' एवढंच दाबा. वाचायचं काही नाही त्यात."

"वाचलंय मी," मास्तर म्हणाले. "समोरच आहे, येतो."

आले. दारातच माझ्या लक्षात आलं की माणूस बदललाय. काल आकड्यावरून भांडणारे मास्तर आज आवाज खाली ठेवून बोलत होते. मोबाईल खिशात होता आणि खिशावर हात, आतले दोन रकाने यांच्यासमोर बाहेर पडू नयेत असा. मी त्यांच्याकडे असं बघितलं की दगडालाही कळावं, यांच्यासमोर काही काढायचं नाही.

"फाईल गेली वाटतं," मास्तर यांना म्हणाले. "ते कॉम्प्युटर म्हणजे... तुम्ही नव्याने माप घ्या बरं. हाताचं ते खरं."

यांनी गळ्यातली टेप काढली, मास्तरांच्या पोटाभोवती फिरवली आणि वाकून नाक लावलं. बराच वेळ लावला.

"उजेड जरा..." मास्तर म्हणाले.

"कमीच आहे," मी म्हटलं. मावशी लगबगीने उठल्या आणि बंद असलेला एकमेव दिवा, ट्रायल रूममधला, तोही लावून आल्या.

"अडतीस," हे म्हणाले.

अडतीसने कापलं की कापड गेलं, शनिवार गेला.

आणि मग मास्तरांनी जे केलं, ते मी जन्मात विसरणार नाही. ज्यांनी एका आकड्यासाठी काल माझा पडदा हलवून सोडला होता, त्यांनी डोळे मिटले, खांदे वर घेतले आणि पोट आत ओढलं. अठ्ठेचाळीसचं अडतीस करायला निघाला तो माणूस. चेहरा कापडाच्या रंगाचा झाला.

"बरोबर," मास्तर कसेबसे म्हणाले. "अडतीसच."

आठ दिवे गुणगुणत होते. यांचा हात टेपवरच होता. त्यांनी बोटं टेपवरून हळूहळू सरकवली, पट्टीच्या खाचा मोजतात तशी. मग तळहात मास्तरांच्या पोटावर ठेवला. ते पोट थरथरत होतं.

"मास्तर," हे म्हणाले, "श्वास सोडा."

मास्तरांनी सोडला. टेप यांच्या हातातून सुटली. पडदासुद्धा हलला.

यांनी माझ्याकडे तोंड केलं. मी होते त्याच्या थोडं डावीकडे बघितलं, पण माझ्याकडेच.

"मावशी, ते दिवे बंद करा. उजेड भरपूर आहे," हे म्हणाले. "मलाच दिसत नाही."